पडल्यावर फोन लागतो, हाड वाचत नाही

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीत ज्येष्ठांचे ‘रक्षण’ करणाऱ्या घड्याळावर अर्धे पान वाचले आणि राहवले नाही. ॲपलच्या घड्याळात माणूस पडल्याचे ओळखण्याची ही सोय २०१८ सालीच आली. माणूस जोरात पडला आणि मिनिटभर हलला नाही, तर घड्याळ आपणहून मदतीसाठी फोन लावते. एकट्या राहणाऱ्याला याचा मोठा आधार आहे, हे मान्य. पण फोन लागतो तो पडून झाल्यावर! याला रक्षण कसे म्हणायचे?

माझ्या आईला भावाने असेच घड्याळ आणून दिले होते. गेल्या श्रावणात ती पहाटे लघवीला उठली. घड्याळ चार्जिंगला लावलेले. बाथरूमच्या उंबऱ्याशी पाय घसरला, कुशीवर पडली आणि खुबा मोडला. ते मनगटावर असते तरी खुबा मोडलाच असता. आवाज ऐकून मी तर लगेच धावले होते. ऑपरेशन झाले. घरी सोडताना गोळ्या, टाके, व्यायाम सगळे समजावले. पण पुन्हा पडली तर दुसरा खुबा कसा वाचवायचा, याबद्दल एक अक्षर नाही. दोन्ही बाजूंना गाद्या शिवलेली चड्डी मिळते, हे व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीने सांगितले. कुशीवर पडले की मार थेट खुब्याच्या हाडावर बसतो, तो ही गादी झेलते. ती शोधत मी गावातली सर्जिकलची दुकाने पालथी घातली. नी-कॅप, कमरेचा पट्टा, मानेची कॉलर, सगळे होते. हिप प्रोटेक्टर म्हटल्यावर एकालाही कळेना. शेवटी मुंबईच्या भाचीने मिळवून पाठवली.

तुमच्या लेखात या गाद्या नाहीत. फ्रान्सच्या हेलाइट कंपनीचा एअरबॅगचा पट्टाही नाही. माणूस पडू लागला की तो ओळखतो आणि जमिनीला टेकण्याआधी कमरेच्या दोन्ही बाजूंना फुगतो. रक्षण म्हणायचे तर याला म्हणा. गाद्यांचा उपयोग वृद्धाश्रमांतल्या अभ्यासांत थोडाफार दिसला, घरी राहणाऱ्यांत फारसा नाही, हेही छापायला हवे होते. लोक त्या नेमाने घालत नाहीत, ही मोठी अडचण आहे. उकडते, घाईच्या वेळी पटकन उतरत नाहीत. आई रोज कुरकुरते, मी रोज तिला त्या घालते.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरजूंना साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. यादीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस आहेत. खुब्याच्या गाद्याही त्यात याव्यात, ही मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी. परदेशी घड्याळाला अर्धे पान देता, तर याला चार ओळी द्याच.

आणखी एक. ज्येष्ठांची पुरवणी निळ्या पानावर करड्या, बारीक अक्षरांत का छापता? आईला चष्मा लावूनही ती वाचता येत नाही. पुढच्या आठवड्यापासून काळी, ठसठशीत अक्षरे वापरावीत, ही विनंती.

— एक वाचक, सातारा