बाळ्यास पत्र: दिवसभर करतो काय ते

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘अरे पण दिवसभर करतोस काय तिथे कोकणात, गावी?’ आणि तेवढ्यात रेंज गेली. गेली ते बरंच झालं, कारण या प्रश्नाचं उत्तर फोनवर द्यायचं तर तुझा जेवणाचा डबा गार झाला असता. आणि तू मार्चमध्ये रिटायर होतोयस, वर कोंबड्या पाळायचं खूळ डोक्यात घेतलंयस, वहिनी म्हणाल्या की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर कुक्कुटपालनाचे व्हिडिओ बघत बसतोस. म्हणून बसून लिहितोय.

पहिली गोष्ट, दिवसभर वगैरे इथे काही नसतं. आपण इतकी वर्षं आठ बाराच्या फास्ट लोकलला लटकलो, ती वेळ तरी एकच होती. इथे कोंबडा साडेचारला ओरडतो, भरती रोज पाऊण तास पुढे सरकते आणि पाऊस तर आता कुणाचंच ऐकत नाही. मला कोणी विचारत नाही तुमची सोय कधी म्हणून.

कोंबड्यांचं आधी सांगतो, कारण तुझं सगळं लक्ष तिकडेच असणार. तू गिरिराज-वनराज या सुधारित जातींचे आकडे बघून हिशोब मांडला असशील. ते पक्षी वाईट नाहीत, अंडी भरपूर देतात, पण ते खुडूक बसत नाहीत, अंडी उबवत नाहीत, म्हणजे पिल्लं हवी तर पुन्हा विकत आणा नाहीतर दुसऱ्या कोंबडीखाली अंडी ठेवा, आणि अंगाने जड त्यामुळे घार आली की पळणं जमत नाही. आपली गावठी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, फार झालं तर ऐंशी, त्यात खुडूक बसली की तीन आठवडे अंड्यांवर आणि पुढे पिल्लांमागे दोन महिने, म्हणजे त्या काळात अंड्याचं नाव नाही. आता कर तू हिशोब. धंदा म्हणून येत असशील तर नको येऊस, सरळ सांगतो. घरची अंडी, पाहुणा आला तर कोंबडी-वडे आणि शेजारी दोन-चार अंडी द्यायची ऐपत, एवढंच यातून मिळतं. मला तेवढं पुरतं. पेन्शन आहे ना.

पण खुडूक कोंबडी बघण्यासारखी असते रे. आमची एक काळी आहे, एरवी हात लावू देत नाही. ती खुडूक झाली की अंग फुगवून नुसती क्लक क्लक करत फिरते आणि रिकाम्या टोपलीत पण जाऊन बसते. मग आमची बायको भाताच्या तुसाची टोपली करते, खाली नऊ नाहीतर अकरा अंडी, विषमच, आणि शेजारच्या आजी येऊन त्यात एक लोखंडाचा खिळा टाकून जातात, वीज कडाडली तर अंडी खराब होऊ नयेत म्हणून. मी वाद घालत नाही. सात-आठ दिवसांनी रात्री अंधारात अंडं टॉर्चवर धरायचं, आत लाल रेघांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय, नुसतं पिवळट दिसलं तर काढून टाकायचं. एकविसाव्या दिवशी फुटतात. त्याच्या आदल्या रात्री टोपलीला कान लावलास तर कवचाच्या आतून चिवचिव ऐकू येते, आणि ही काळी त्याला हळू आवाजात उत्तर देते. पासष्टीचा माणूस मी, पण त्या रात्री दोनदा उठतो.

आता दुसरी बाजू. मानमोडी, कोंबड्यांची साथ. व्हिडिओत तिला राणीखेत म्हणत असतील. वाडीत एकदा शिरली की आठवड्यात खुराडी रिकामी. लस साधी आहे, पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, पुढे दोनेक महिन्यांचं झालं की पंखाखाली इंजेक्शन. पण बाटली येते शंभर डोसची, ती बर्फात ठेवायची आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. माझ्याकडे एवढ्या कोंबड्या कुठल्या? म्हणून सगळी वाडी मिळून करतो. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात गेल्या की मी थर्मास गळ्यात अडकवून पुढे, मागे टॉर्चवाला एक, पिल्लं धरायला पोरं, असं घराघरातून. प्रत्येक घरात चहा. तिसऱ्या घरापर्यंत दीड तास होतो आणि मग माझी आरडाओरड सुरू होते, चहा नको, कोंबडी द्या! बँकेत क्लोजिंगच्या दिवशी एवढा ओरडलो नव्हतो.

जुलैत अजून एक झालं, हिने तुला सांगितलं नसेल. पहाटे कोंबडा ओरडला नाही. मी गेलो तर खुराड्यात सगळ्या कोंबड्या एका कोपऱ्यात वरच्या दांडीवर दाटीवाटीने आणि आवाज अजिबात नाही. मी वाकून दार उघडणार तेवढ्यात शेजारचा बाबल्या मागून म्हणाला, ‘काकानु, फुडे जाव नकात, आर आसा.’ आर म्हणजे आपला अजगर. खाली तुसात वेटोळं घालून, मधोमध फुगलेला, कारण एक तलंग, म्हणजे नवी कोंबडी, गिळून झालेली, आणि ज्या फटीतून आत आला त्या फटीतून आता पोट बाहेर जाईना. अंगावरचे ते तपकिरी चट्टे ओल्या मातीसारखेच, वरवर बघितलं असतं तर हात तिथेच ठेवला असता. त्याला मारायचा प्रश्न नाही, कायद्याने तो वाघाच्या यादीत आहे, आणि खरं सांगायचं तर उंदीर-घुशी तोच खातो. बाबल्याने सर्पमित्र पोराला फोन लावला, वनखात्यालाही कळवलं. पोरगा आला, दहा मिनिटांत अजगर पोत्यात, आणि वर मलाच म्हणतो, काका फट बुजवा, जागा बघून ठेवली त्याने. त्यानंतर पंधरा-वीस दिवस एकाही कोंबडीने अंडं दिलं नाही. आता तळापासून बारीक जाळी मारून घेतलीय.

पावसाचं तुम्ही मुंबईत नुसतं बातम्यांत बघितलंत आणि लोकल बंद म्हणून ओरडलात. इथे यंदा २५ मेलाच आला. मृग ८ जूनला, त्याच्या दोन आठवडे आधी, रोहिणी लागायला आणि हा कोसळायला एकच गाठ. लाकडं अजून खळ्यात, आमसुलं अर्धी वाळलेली, शेवटचा आंबा झाडावर. ही आणि मी ताडपत्री ओढत इकडून तिकडे. कोंबड्यांची मात्र चंगळ, वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडली आणि या सगळ्या खळ्यात उड्या मारून खातायत. पुढे मग नक्षत्रांचं सगळंच बिनसलं, तरणा पाऊस कुठला आणि म्हातारा कुठला कळेना, आणि दिवाळी झाली तरी जायचं नाव नाही. कापलेलं भात कुणग्यात, शेतातच, भिजलं, कुणाकुणाच्या लोंबीला उभ्या उभ्या मोड आले. आमचं थोडंच असतं, पण बाबल्याचं वर्षाचं जेवण त्यावर. तो काही बोलला नाही, नुसता बांधावर बसून राहिला. अशा वेळी आपण पेन्शनवाले गप्प बसलेलं बरं.

पहिल्या पावसातली मजा तुला आठवत असेल, चढणीचे मासे. व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं की गड नदीतून मळये, खवळे वर कुणग्यात चढतात अंडी घालायला, आणि सगळा गाव टॉर्च, कोयते आणि पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन रात्री बाहेर. लहानपणी आपणही गेलोय. पण आता मला ते पटत नाही, तिथे पोरांशी माझं जमत नाही. पोटात गाभोळी भरलेला मासा चढतानाच मारायचा आणि मग उन्हाळ्यात कोंडीवर बसून बोंब मारायची की नदीत मासा राहिला नाही. समुद्रात ट्रॉलरवाल्यांना जून-जुलै बंदी असते ती काय उगाच? पण मी म्हणालो की पोरं म्हणतात, काका तुम्ही मुंबैचे.

मला आपली गरी, म्हणजे गळ, बरी. कालावल खाडीच्या बांधावर एक जागा धरलीय, चिप्याच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडाच्या, सावलीत. कालनिर्णय बघायचं, तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजले की भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. पण अष्टमीला भांगाची भरती, पाण्याला ओढ नसते, मासा सुस्त. अमावस्या-पुनवेच्या आसपास पाणी चढायला लागलं की बसायचं. बाबल्याच्या आज्याची ही रीत, आणि मोबाईलमधल्या ॲपशी फार तर अर्ध्या तासाचा फरक. गरीला सोललेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, लावायची. तांबोशी लागली तर तंगूस, म्हणजे गरीचा दोरा, हातातून एकदम सर्रकन जातो, सोडायचा नाही पण ओढायचाही नाही, ती पहिल्यांदा मुळांकडेच पळते आणि तिथे गुंतली की गेली. शेंगाळ लागली तर आधी पाय ठेवायचा मग गरी काढायची, तिचा काटा घुसला की माणूस रात्रभर नाचतो. यंदा पाऊस लांबल्यामुळे खाडीचं पाणी अजून पुरतं खारं झालेलं नाही, तांबोश्या कमीच, काळुंदर मात्र बरी मिळते. हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण वाटून भरायची आणि रव्यात लोळवून तव्यावर. पुष्कळदा काहीच मिळत नाही. मग येताना बाजारातून बांगडे घेतो, आणि ही पिशवीत बघून विचारते, गरीला बर्फातला बांगडा लागला वाटतं.

एकटेपणाचं विचारलं होतंस. असतो. श्रावणात आठ-आठ दिवस लाईट नाही, पाऊस कौलांवर, आणि आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत. मुलगा पुण्याहून फोन करतो, सगळं ठीक ना, हो ठीक. डॉक्टर लांब, रात्री छातीत दुखलं तर रिक्षा शोधण्यापासून तयारी. हे सगळं वहिनींना वाचून दाखव, लपवू नकोस, कारण गावी यायचं ते दोघांनी, आणि घरचा गाडा त्यांना ओढावा लागेल, तुला नाही. आमची ही पहिलं वर्ष माझ्याशी नीट बोलत नव्हती. आता तिचं महिला मंडळ, भजन आणि आमसुलं यात ती माझ्याहून बिझी आहे.

म्हणून म्हणतो, आधी जानेवारीत आठ दिवस येऊन राहा. तोवर थंडी पडेल, खाडी खारी होईल. तुतारी एक्सप्रेसने ये, कणकवलीला उतर, मी घ्यायला येतो. ती दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, तेव्हा तिकिटाची तारीख दोनदा बघ, शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारचं काढायचं. येताना सहा नंबरच्या गऱ्या आण, चांगला तंगूस आण, आणि वहिनींना म्हणावं चपला नकोत, बूट आणा. कोंबड्या मात्र आणू नकोस, त्या इथे घेऊ.

तुझा,
अण्णा