सर्जरीची ओपीडी फोनवर आणायची तर आधी ड्रेसिंग रूमकडे पाहा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: साथीच्या काळात शस्त्रक्रिया विभागाची बाह्यरुग्ण सेवा फोन व व्हिडिओवरून चालवण्याची पूर्वतयारी

महोदय,

कोविडच्या पहिल्या टाळेबंदीत सर्जरीच्या ओपीडी ओस पडल्या, पण टाके, ड्रेन (शस्त्रक्रियेनंतर आतला स्राव बाहेर काढणारी नळी) आणि हर्निया यांना टाळेबंदी लागू नव्हती. देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० ला सुरू झाली. टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याची, राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही त्याच तारखेची. पुढच्याच महिन्यात ई-संजीवनी ओपीडी, म्हणजे घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सरकारी ऑनलाइन सेवा, सुरू झाली. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या रुग्णाला जुनीच गोळी पुढे चालू ठेवायची असेल, तर ही सोय खरोखर कामाची होती. सर्जनचे काम मात्र तेवढ्याने भागत नाही, कारण आमच्या ओपीडीत निम्मे निदान बोटांनी होते. कोविडसर्ज या आंतरराष्ट्रीय गटाच्या अंदाजानुसार पहिल्या लाटेच्या ऐन १२ आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द झाल्या किंवा लांबल्या. त्या रुग्णांना फोनवर काय विचारायचे, हे कुठल्याही परिपत्रकात लिहिलेले नव्हते.

आता साथ नाही, म्हणूनच हे लिहीत आहोत. आमचे म्हणणे एवढेच, की सर्जरीत टेलिमेडिसिनचा पैसा जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॅमेऱ्यावर आणि पडद्यावर नव्हे, तर रुग्णाच्या बाजूला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ड्रेसिंग रूमवर खर्च व्हावा. फोनच्या त्या टोकाला जखम हाताळणारे शिकलेले हात नसतील, तर सर्जन इकडून फक्त धीर देऊ शकतो.

फोनवर कोणती कामे होतात ते आधी सांगतो. शस्त्रक्रियेनंतरची जखम पाहणे, टाके कधी आणि कुठे काढायचे ते ठरवणे, बायोप्सीचा साधा अहवाल समजावणे, भूलतज्ज्ञाला लागणाऱ्या तपासण्या रुग्णाने येण्याआधीच गावाजवळ करवून घेणे, ड्रेनची रोजची मोजणी घेणे. कर्करोगाचा अहवाल फोनवर सांगू नये. त्या रुग्णाला समोरच बोलवावे, साथ असली तरी.

न होणारी कामे जास्त महत्त्वाची आहेत. स्तनातली नवी गाठ फोनवर ‘साधी वाटते’ असे कुणीही म्हणू नये. तिला चाचपणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईची तपासणी तिन्ही लागतात. शौचावाटे रक्त जाणारा प्रत्येक रुग्ण फोनवर स्वतःच मूळव्याध असल्याचे सांगतो, डॉक्टर मलम लिहून देतो आणि गुदाशयाचा कर्करोग काही महिने दडून राहतो. बोट घालून तपासल्याशिवाय हे निदान लिहायला परवानगीच नसावी. मुलाच्या वृषणात अचानक दुखू लागले, तर वृषणाला पडलेला पीळ सोडवायला साधारण ६ तास हातात असतात. तिथे व्हिडिओ कॉलची वेळ ठरवत बसणे म्हणजे वृषण गमावणे. आत न जाणारा हर्निया, उलट्यांसह फुगलेले पोट, मधुमेहीच्या पायाची काळी पडलेली बोटे, या साऱ्यांसाठी फोनचा उपयोग एकच: १०८ ला कळवणे.

जखमेकडे वळतो. जखमेतला जंतुसंसर्ग बहुतेकदा चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिसू लागतो, आणि तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. म्हणून पाचव्या, आठव्या आणि बाराव्या दिवशी फोटो मागवावा. त्यानंतर तिसाव्या दिवशी एक फोन, आणि हर्नियात जाळी बसवली असेल तर नव्वदाव्या दिवशी आणखी एक. फोटो नुसता ‘पाठवा’ म्हटले की पिवळ्या बल्बखाली, हलत्या हाताने काढलेला येतो. त्यात निरोगी जखमही पिवळट दिसते आणि खरा पू त्या रंगात हरवतो. फोटो दिवसा, दाराजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, कॅमेऱ्याची काच पुसून काढायला हवा. एक फुटावरून पूर्ण भाग आणि अर्ध्या फुटावरून जखम, असे दोन. शेजारी मापाची कागदी पट्टी ठेवावी, जखमेला न टेकवता. ही पट्टी डिस्चार्ज कार्डाच्या कडेलाच छापली तर वेगळी द्यावी लागत नाही. काढलेल्या ड्रेसिंगच्या गॉजचाही फोटो हवा. स्रावाचा रंग त्यावरच नीट कळतो.

आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या गोऱ्या कातडीमुळे निसटते. सावळ्या त्वचेवर लाली फोटोत जवळपास दिसतच नाही. म्हणून नातेवाईकाला हात धुऊन, पालथा हात जखमेच्या कडेला लावून विचारावे: आजूबाजूपेक्षा गरम आहे का, कडक लागते का, चकाकते का? सोबत चार प्रश्न. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला का? तिसऱ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढते आहे का? वास येतो का? पोटरी सुजली का? आणि पोटाच्या मध्यभागी उभा छेद असलेल्या रुग्णाला पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास अचानक गुलाबी पाणी सुटून ड्रेसिंग भिजले, तर फोटोची वाट न पाहता त्याला रुग्णवाहिकेने आणावे. आतले टाके सुटून पोट उघडण्याची ती सूचना असते. फोनवर बसणाऱ्या प्रत्येक परिचारिकेच्या टेबलावर हे वाक्य चिकटवलेले असावे.

स्टोमाच्या, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या, रुग्णाने टॉर्च लावून त्याचा फोटो पाठवावा. लालसर, ओलसर असेल तर ठीक. जांभळा किंवा काळा पडला असेल तर त्याच दिवशी बोलवावे.

आता त्या दुसऱ्या टोकाकडे. चेहऱ्यावरचे टाके सुमारे ५ दिवसांनी, पोटावरचे ७ ते १० दिवसांनी (मध्यभागी मोठा छेद असेल तर १४ पर्यंत), हातापायांवरचे १० ते १४ दिवसांनी काढतात. हे काम आरोग्य केंद्रातली परिचारिका सहज करू शकते. मग अडते कुठे? निर्जंतुक संच नसतो: टाके कापायची कात्री किंवा ११ नंबरचे ब्लेड, चिमटा, आर्टरी फोर्सेप्स, किडनी ट्रे, पोव्हिडोन आयोडिन, गॉज, चिकटपट्ट्या. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचे यंत्र) असतो, पण वीज जाते किंवा त्याचे रबर गेलेले असते आणि संच कापडात बांधून तारीख टाकायची पद्धत मोडलेली असते. दुसरी अडचण मोठ्या रुग्णालयांनीच निर्माण केलेली आहे. वेळ वाचतो म्हणून कातडी स्टेपलरने बंद केली जाते आणि पिना काढायचे उपकरण आरोग्य केंद्रात नसते. मग साध्या चिमट्याने पिन ओढली जाते, कातडी फाटते, किंवा रुग्णाला तेवढ्यासाठी पुन्हा जिल्ह्याला पाठवतात. साथीत नेमका हाच प्रवास टाळायचा असतो. लांबून आलेल्या रुग्णाला दोऱ्याचे टाके घालावेत, नाहीतर पिना काढायचा रिमूव्हर सीलबंद पाकिटात त्याच्यासोबत द्यावा, एवढा एक आदेश पुरे.

पण हा आदेश काढणार कोण? शस्त्रक्रिया करणारे महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे, जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालये आपल्या विभागाची, प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे आणि शहरातला दवाखाना महापालिकेचा. एकाचे डिस्चार्ज कार्ड दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे कुणाचेच काम नाही. त्यामुळे संयुक्त शासन निर्णय लागेल, आणि त्यात कार्डावरचे रकाने ठरलेले हवेत: कोणती शस्त्रक्रिया, दोरा की पिना, ड्रेन आहे का, टाके काढायची तारीख, कुठल्या केंद्रात, आणि सर्जरी विभागाचा एक कायमचा नंबर. डॉक्टरचा खासगी नंबर नको. निवासी डॉक्टर बदलला की रुग्णाचा धागा तुटतो.

रुग्णाचा नंबरही तपासूनच घ्यावा. केसपेपरवर लिहिलेला नंबर अनेकदा बाहेरगावी कामाला असलेल्या मुलाचा असतो. डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डातून त्या नंबरवर फोन लावून पाहायला अर्धा मिनिट लागतो. तो तिथेच वाजला, तर विभागाचा नंबर रुग्णाच्या फोनमध्ये नावासकट साठवून द्यावा. अनोळखी नंबर लोक उचलत नाहीत, यात त्यांचा काही दोष नाही.

धडगाव, मेळघाट, भामरागड इथल्या अनेक गावांत व्हिडिओ अडखळत चालतो. तिथे व्हिडिओचा हट्ट सोडावा. दोन चांगले फोटो आणि साधा आवाजी कॉल हा अडकणाऱ्या व्हिडिओपेक्षा जखमेसाठी कधीही चांगला. पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या रुग्णाच्या शेजारी आशाताई किंवा समुदाय आरोग्य अधिकारी हवा. हर्निया, मूळव्याध, स्तन यांविषयी बाई सासऱ्यासमोर स्पीकरवर बोलणार नाही, तेव्हा केंद्रात दार लागणारी खोली आणि इअरफोन हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो डॉक्टरच्या फोनच्या गॅलरीत, लग्नाच्या फोटोंशेजारी जाऊन बसतात. ते विभागाच्या फोनवरच यावेत, केसपेपर क्रमांकाने साठवावेत, चेहरा फोटोत येऊ नये. सल्ला काय दिला ते त्याच दिवशी केसपेपरवर लिहावे, नोंदणी क्रमांकासह.

प्रतीक्षा यादीचाही विसर पडू नये. शस्त्रक्रिया लांबली की रुग्ण ‘थांबलेला’ समजला जातो, आजार थांबत नाही. पित्ताशयातल्या खड्यांच्या रुग्णाला दर पंधरवड्याला विचारावे: कावीळ, ताप, थंडी? हर्नियाच्या रुग्णाला: झोपल्यावर आत जातो का? उत्तर बदलले की यादीतला क्रम बदलावा. हे फोन परिचारिका करू शकते, मात्र ओपीडीच्या वर जादा काम म्हणून नव्हे. आठवड्यातले ठरावीक तास आणि रोस्टरवर नाव हवे. नाहीतर दुपारी दोननंतर थकलेला निवासी डॉक्टर घाईने फोन उरकतो आणि न पाहिलेल्या जखमेसाठी ‘कशाला जोखीम’ म्हणून प्रतिजैविक लिहून देतो. ही सवय साथ गेल्यावरही राहते.

सुरुवात एका वैद्यकीय महाविद्यालयापासून आणि त्याच्या भोवतीच्या दोन तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांपासून करावी. किती कॉल झाले हा आकडा मागू नये, तो फुगवायला सोपा असतो. तीन आकडे मागावेत: फोनवर ‘ठीक आहे’ म्हटलेल्यांपैकी किती जण ३० दिवसांत संसर्ग घेऊन आले, विनाकारण किती जणांना बोलावले गेले, आणि किती जणांचा फोन लागलाच नाही. तिसरा आकडा मोठा निघाला तर कॅमेरे घेण्याआधी ते लोक कोण आहेत ते शोधायला आशाताईंना घरी पाठवावे, आणि त्या फेरीचे मानधन त्याच शासन निर्णयात लिहावे.

आपले,
सरकारी रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया विभागांत काम करणारे काही सर्जन आणि परिचारिका