भडक फ्लायच्या त्या डबीसाठी, काका, मनापासून आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नदीवर भेट झाली की तुम्ही आभाराचा शब्द तोंडातून निघूच देत नाही. लगेच पाण्याकडे बोट दाखवता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या मागे वेड्यासारखं फिरणाऱ्या प्रत्येकापर्यंत भडक फ्लायविषयीचं, म्हणजे हुकावर पिसं, केस, दोरा बांधून केलेल्या रंगीत कृत्रिम आमिषांविषयीचं, तुमचं म्हणणं पोचावं असं मला फार वाटतं.

तुम्ही दिलेल्या डबीत गुलाबी तुऱ्याच्या फोमच्या फ्लाय होत्या, पिवळ्या-तांबड्या केसांची, छोट्या माशासारखी मिकी फिन होती, मानेशी झगझगीत नारिंगी दोरा गुंडाळलेले निंफ, म्हणजे पाण्याखाली बुडणाऱ्या फ्लाय, होते आणि पोटावर लाल पट्टा असलेली रॉयल वुल्फ होती. निसर्गातल्या कुठल्याच किड्याशी त्यांचं नातं जुळत नव्हतं. माझ्या डबीत तेव्हा तपकिरी, राखाडी आणि फिकट हिरवा यांपलीकडे रंग नव्हता. तुम्ही एवढंच म्हणालात की माशाला हात नसतात, समोरची वस्तू खायची आहे की नाही हे त्याला तोंडात घेऊनच ठरवावं लागतं. त्या एका वाक्यावर मी आजही विचार करतो.

हुबेहूब नकलेचा आग्रह कुठून आला हेही तुम्हीच समजावलंत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज मासेमार लेखक फ्रेडरिक हॅल्फर्ड यांनी ड्राय फ्लायचं, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायचं, शास्त्र मांडलं ते दक्षिण इंग्लंडमधल्या टेस्ट नदीसारख्या, खडूच्या खडकांतून झिरपणाऱ्या नद्यांवर. तिथलं पाणी नितळ आणि संथ, किडे मुबलक. मासा एका जागी थांबून येणारा प्रत्येक घास निवांत न्याहाळू शकतो. तिथे त्यांचा आग्रह योग्यच होता. पण दगडगोट्यांतून उसळत धावणाऱ्या थंड पाण्यात अन्न कमी असतं आणि आलेला घास डोळ्यांसमोरून क्षणात निघून जातो. चोखंदळपणा तिथल्या माशाला परवडत नाही. तिथे फ्लाय आधी दिसायला हवी. ती कशासारखी दिसते हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि हा काही आजचा उथळ नाद नाही. न्यूयॉर्कचे फ्लाय बांधणारे जॉन हेली यांनी १८७८ मध्ये जुन्या कोचमन फ्लायच्या मोरपिशी पोटाला मधोमध लाल रेशमाचा पट्टा दिला, तो मोरपिसाचे नाजूक तंतू टिकावेत म्हणून. त्यातून रॉयल कोचमन आली. पुढे १९३० च्या सुमारास अमेरिकन मासेमार ली वुल्फ यांनी पिसांच्या जागी केसांचे भरदार पंख लावायची पद्धत रूढ केली आणि त्याच घराण्यात रॉयल वुल्फ जन्मली. खळाळात तरंगणारी आणि लांबून दिसणारी. पार्माचीनी बेल ही लाल-पांढरी फ्लाय तर ब्रुक ट्राउट या माशाच्या पोहण्याच्या परावरून सुचलेली. युटामधल्या ग्रीन नदीवरची फोमची, रबरी पायांची चेर्नोबिल अँट बघून आजही काहीजण नाक मुरडतात. मला मात्र ती बांधणाऱ्यांच्या धिटाईचं फार कौतुक वाटतं.

तुमच्याकडून मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे माशाच्या बाजूने बघायची सवय. पाण्यावर तरंगणारी फ्लाय तो खालून, उजळ आकाशासमोर बघतो. त्याला दिसते पोटाची बाजू, पायांनी पाण्यावर उमटवलेले ठसे आणि एक काळसर आकृती. पाठीवरचा गुलाबी तुरा आपल्या डोळ्यांसाठी असतो, म्हणून तो कितीही भडक ठेवायला हरकत नाही. पाण्याखाली हिशेब वेगळा. लाल प्रकाश पाण्यात लवकर शोषला जातो, त्यामुळे खोल तळ्यात साधा लाल रंग काळपट होतो. तिथे फ्लुओरेसंट नारिंगी उपयोगी पडतो, कारण तो खोलवर पोचणारा निळा प्रकाश घेऊन नारिंगी होऊन परत देतो. हे कळल्यापासून मी रंग निवडताना आधी पाण्याची खोली बघतो, मग दुकानातली रिळं.

फोमच्या भडक फ्लायच्या हुकाला बारीक तंगूस बांधून खाली जड मण्याचा निंफ सोडायची तुमची युक्तीही तितकीच कामाची. वरची फ्लाय बुडता बुडत नाही, ती थबकली किंवा दबली की खाली मासा लागल्याचं लगेच कळतं. आणि पुष्कळदा मासा निंफ सोडून वरचीच पकडतो! मिकी फिन प्रवाहाला आडवी, झटके देत ओढायची, हेही तुम्ही माझा हात धरून दाखवलंत. मासा मागे येऊन वळला, की त्याच फ्लायचा मारा करत बसायचं नाही. लहान आकाराची लावायची किंवा त्या जागेला विश्रांती द्यायची.

पण माझ्या मनात तुमच्याविषयी आदर आहे तो भडक फ्लाय केव्हा लावायची नाही हे तुम्ही ओळखता यामुळे. संध्याकाळी मेफ्लाय नावाचे किडे पाण्यातून वर येऊ लागले, मासे एकाच किड्यावर लागले, की तुम्ही ती डबी मिटता आणि छोटी, साधी, त्या किड्याच्या मापाची फ्लाय काढता. उन्हाळ्यातल्या उथळ, आरशासारख्या डोहातही तेच, कारण तिथे मोठा रंगीत ठिपका पडला की मासे बिथरून कपारीत शिरतात. भडक फ्लायवर तुमचं प्रेम आहे, पण हट्ट नाही. नेमका हाच फरक मला दुसऱ्या कुणी शिकवला नसता.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. डबीतल्या प्रत्येक हुकाचा उलटा काटा तुम्ही पक्कडीने आधीच दाबून ठेवला होता. मासा आक्रमकपणे येतो तेव्हा फ्लाय कधी कधी आत खोल जाते, आणि काटा दाबलेला असला तर ती पाण्यातच, माशाला फार न हाताळता सुटते. आता मी बांधायला बसलो की हुक शिकंज्यात धरण्यापूर्वी पहिलं काम तेच करतो.

तुमच्या डबीतली एक नारिंगी फ्लाय मी वापरायची नाही म्हणून बाजूला ठेवली आहे, नमुन्यासाठी. तिच्या मानेजवळचा दोरा तुम्ही इतका घट्ट आणि इतका बारीक कसा संपवता ते मला अजून जमत नाही. पुढच्या भेटीत तेवढं शिकवा. दोरा आणि हुक मी घेऊन येतो.

तुमचा ऋणी,
नदीवरचा तुमचा विद्यार्थी