दत्त्याचे तीस शेक

प्रिय विन्या,

तुझे फोन घेतले नाहीत आणि मेसेजला नुसता अंगठा दाखवत राहिलो, तेव्हा शिव्या खाणार हे ठाऊक आहे. पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मूळ विषय राहतो, म्हणून लिहितोय. आम्ही सगळे बरे. आईचे गुडघे आहेत तसेच.

दत्त्याच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन परळला टाटात झालं, मानेतल्या गाठीही काढल्या, इथवर तुला माहीत आहे. आता तो शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचे नाहीत म्हणतोय. तीस शेक आहेत, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत आणि मध्ये खाडा नको. खाड्यात उरल्यासुरल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात, मग ठरलेले तीसही पुरे पडत नाहीत.

कारण विचारलं की म्हणतो, खर्च. थाप आहे. खरं कारण थोरल्याच्या घरात आहे. दत्त्याचं ताट वेगळं केलंय. तळाला लाल नेलपॉलिशचा ठिपका, तांब्यालाही तसाच. पुतण्याला त्याच्या खोलीत बंदी, का तर 'अंगातून किरण निघतात'. अरे, अजून एक शेक झालेला नाही! मेसमध्ये आपल्या सगळ्यांची उरलेली आमटी ओरपणारा हा माणूस, आणि त्याच्या ताटाला खूण. बाहेरच्या मशीनचे शेक असले की मशीन बंद झाल्यावर अंगात काही उरत नाही, हे थोरल्याला समजावलं. मान डोलावली, ठिपका तसाच. केमोवाल्यांचं तर आणखी वाईट. डोस झाल्यावर दोन दिवस उलटी-लघवी साफ करताना हातमोजे घाला, असं नर्स औषधामुळे सांगते, आणि गावात त्याचा अर्थ 'रोग लागतो' असा होतो.

भेटायला येणारा प्रत्येकजण आधी विचारतो, "खात होता ना?" म्हणजे भोगा आता. पहिली पुडी त्याला तू दिलीस की मी, हे आपलं जुनं भांडण आता बंद. (तूच दिलीस.)

थोरल्याचं म्हणणं, शेकही मुंबईतच. टाटा म्हणजे टाटा. कबूल, ऑपरेशनसाठी तेच योग्य होतं. पण सहा आठवडे राहायचं कुठं? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाचं पत्र लागतं, आणि पत्र मिळालं तरी जागा रिकामी असायला हवी. नाहीतर हॉस्पिटलबाहेरचा फुटपाथ आहेच, तिथं ताडपत्रीखाली स्टोव्ह पेटवून बसलेली कुटुंबं तूही पाहिली आहेस. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. पण ते पैसे उपचाराचे. खोलीभाडं, दूध, सोबत्याची बुडालेली मजुरी कोण देणार? आमच्या मदतीच्या टेबलावर रोज बघतो. फाईल मंजूर असते, आणि माणूस तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गायब होतो. नेमकं तेव्हाच तोंड आतून सोलवटतं, घास जात नाही आणि खिसाही संपलेला असतो.

म्हणून माझं मत, शेक बार्शीला घ्यायचे. दत्त्याच्या परांड्याहून बार्शी जवळ, आणि शेकाची सोय तिथं आहे. परळच्या डॉक्टरांकडून शेकाची चिठ्ठी, ऑपरेशनचा कागद आणि गाठीचा रिपोर्ट, तिन्ही मागवलेत. अडचण वेगळीच निघाली. आधारवर 'दत्तात्रय', रेशनकार्डावर 'दत्तू'. योजनेची मंजुरी तिथंच अडकते, म्हणून तहसीलच्या पुरवठा शाखेत दुरुस्तीचा अर्ज दिलाय. संजय गांधी निराधारचाही भरतोय, महिना १५०० येतील. त्याला वार्षिक २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. तलाठी सवयीने जास्त आकडा टाकतो आणि अर्ज बाद होतो, तेव्हा कागद हातात पडताच आकडा वाचायचा. परळच्या तपासणीला जाताना रेल्वेची सवलत आहे. हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म काउंटरवर दिला की स्लीपरमध्ये पेशंटला भाडं नाही, सोबत्याला ७५ टक्के सूट.

शेक सुरू व्हायच्या आधी किडलेल्या दाढा काढायच्या, जखम भरायला दोनेक आठवडे. नंतर काढल्या तर जबड्याचं हाड सडू शकतं. हे तो टाळतोय. दाताच्या डॉक्टरला तो अजून घाबरतो, हसू नकोस. तोंड आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरायची, दोनचार दिवसांनी एक काडी वाढवायची. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा, दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या. गालाला हळद, बाम काही नाही, ब्लेडने दाढी नाही. गावातला न्हावी त्याची दाढी करायला कां-कूं करत होता, त्याचाही प्रश्न मिटला.

आता तुझ्या वहिनीचं. सोसायटीत कळू द्यायचं नाही, पोरीचं लग्न ठरायचंय, हे सगळं समजलं. दत्त्याच्या गावात सगळ्यांना माहीत असल्याचा त्रास आणि तुमच्या कोथरूडला कुणालाच माहीत नसल्याचा. केमोनंतरच्या आठवड्या-दीड आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हा गर्दीपासून जपायचं तिला असतं, आणि ती केसांचा टोप लावून हळदीकुंकवाला जाते, का तर कुणाला शंका नको! निदान कंपनीत राजीनामा लिहू देऊ नकोस. तिचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड आहे ना? दोन वर्षं सलग नोकरी आणि मागच्या चार (सहा-सहा महिन्यांच्या) हप्ता-कालावधींत मिळून १५६ दिवसांचा हप्ता भरलेला असेल, तर कॅन्सरला ८० टक्के पगाराइतका भत्ता मिळतो, दोन वर्षांपर्यंत. साहेब 'स्वतःहून सोडा' म्हणत असेल तर लेखी माग म्हणावं.

तुझ्या बढतीचं अभिनंदन राहिलंच. पोराला कॉमर्सला घातलंस, बरं केलंस.

तुझ्याकडून मला पैसे नकोत. तिसरा आणि चौथा आठवडा तू बार्शीला येऊन राहा. पहिले दोन आणि शेवटचे दोन मी बघतो. दवाखान्याजवळ खोली बोलून ठेवलीय, तारीख पक्की झाली की कळवतो. येताना मिक्सर आण, पातळ करूनच द्यावं लागेल. आणि जेवायला त्याच्याच ताटात बस, थोरल्यासमोर.

तुझा,
सुध्या