केजच्या यादीतलं नाव

प्रिय बये,

फोनवर बोलता येईना, घरात सगळे कान टवकारून बसलेत म्हणून लिहायलेय. सोयरीक आलीय. मुलगा चाकणला कंपनीत, मूळचा धारूरकडचा, आणि खरं सांगू का, मला आवडलाय. तिथंच तर सगळा घोळ झालाय, नाही म्हणायला कारणच उरलं नाही.

इतके दिवस कारण होतं की. 2017 ला झेडपी, पंचायत समितीचं इलेक्शन झालं, 2022 ला मुदत संपली, प्रशासक बसला, ओबीसी आरक्षणाचं मॅटर कोर्टात, आणि मी आपली म्हणायची पंचायत समितीला उभी राहणार, इलेक्शन होऊ द्या मग लग्नाचं बघू. तात्यांनी लई कळ काढली. आता आमचा गण, म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ, महिलेला सुटलाय तर म्हणतात, तारीख सरकारलाच माहीत नाही, तुझं वय थांबलंय का?

पाव्हणे आले तेव्हा मुलाची आत्या म्हणली, "ग्रामपंचायतीत हायेस म्हणं, मग मिटिंगला कोण जातं, वडील का भाऊ?" मी म्हणलं मीच जाते. ती तात्यांकडं बघून हसली. तिची तरी काय चूक, 2011 पासून 50 टक्के जागा बायांच्या, पण आमच्याकडं रजिस्टर सहीला घरोघर फिरतं आणि खुर्चीवर नवरे बसून गुत्तेदाराशी बोलतात. मी टाकीच्या बिलावर सही केली नाही तर समजूत घालायला माणूस आला तो पण तात्यांकडं!

सगळे म्हणतात सासरी जाऊन कर की राजकारण. अगं, लग्न झालं की नाव पुण्याच्या यादीत जाणार, आणि इथल्या यादीत नाव नसलं की फॉर्मच भरता येत नाही. तिकडं फ्लॅटमध्ये मला कोण ओळखतंय? केजला सून चालते, आमदार राहिलेल्या विमलताई मुंदडांच्या सूनबाई नमिताताई आमदार झाल्याच की. लेक म्हणून उभं राहायचं तर बाप गोपीनाथराव मुंडेंएवढा लागतो, आमच्या तात्यांकडं अडीच एकर कापूस, तोही लाल्या रोग पडलेला.

पण दिवाळीच्या आसपास अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला निघतं ना, मागं म्हाताऱ्या आणि लेकरं राहतात. रेशनच्या मशीनवर त्या म्हाताऱ्यांचे अंगठे उठत नाहीत, झिजलेत पार, पदराला पुसपुसून परत ठेवतात तरी उठत नाहीत, मग दुकानदाराशी भांडायला मीच लागते. ह्यांच्या जिवावर मी उभी राहणार होते गं. आणि रात्री त्याचा मेसेज आला की हसू पण मलाच येतं, काय करू सांग.

तू पुण्यातच हायेस तर ह्या रविवारी त्याला भेट. परीक्षा घ्यायलीस असं दाखवू नको, पण एवढं सरळ विचार, इलेक्शन होईपर्यंत बायको गावीच राहिली, नाव केजच्याच यादीत राहिलं तर चालंल का? नुसतं "माझी काही हरकत नाही" म्हणला तर सोडू नको, त्याच्या आईला कोण सांगणार ते पण विचार. आणि मला गोड करून सांगू नको, जे बोलंल ते तसंच्या तसं लिहून पाठव.

तुझीच,
मेंबरीणबाई