करकर यंत्राची नव्हे, जोडणीची

महोदय,

घरी ऑडिओबुक, पॉडकास्ट किंवा गाणं रेकॉर्ड करणारे आता पुष्कळ आहेत. ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) घेतला की करकर किंवा उशिरा येणाऱ्या आवाजाची तक्रार होते आणि चांगलं यंत्र परत पाठवलं जातं. बहुतेकदा दोष जोडणीत असतो.

विंडोजवर आधी यंत्राच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाची ये-जा कमी विलंबाने करणारं सॉफ्टवेअर) टाकावा, मगच यूएसबी लावावी. तीही हबमधून नव्हे, थेट. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, यंत्रात, विंडोजमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच हवा. ४८ किलोहर्ट्झ पुरेसा. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो नमुन्यांचा गठ्ठा, १२८ सॅम्पल असेल तर एका दिशेला जेमतेम २.७ मिलिसेकंद जातात. ६४ वर आणला आणि प्रोसेसर मागे पडला, की करकर सुरू! मिक्सिंगला ५१२ खुशाल ठेवावा. गाताना आपला आवाज डायरेक्ट मॉनिटरवरून, म्हणजे संगणकात न जाता थेट यंत्रातून, ऐकावा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद ठेवावं, नाहीतर तोच आवाज दोनदा येतो.

कंडेन्सर माइकला (बाहेरून वीज लागणारा माइक) यंत्रातून ४८ व्होल्ट द्यायचे ते केबल लावून झाल्यावर, गेन (माइकचा आवाज वाढवणारं बटण) शून्यावर आणून. जुन्या रिबन माइकला (आत धातूची नाजूक पट्टी असलेला माइक) ते चुकूनही देऊ नयेत. सर्वांत जोरकस तान मीटरवर (जिथे शून्य ही कमाल मर्यादा असते) उणे १० डेसिबलच्या आसपास थांबेल एवढाच गेन ठेवावा. एकदा फाटलेला आवाज पुन्हा सांधता येत नाही.

विक्रेत्यांनी एवढी माहिती खोक्यासोबत मराठीत द्यावी, ही विनंती.

– एक ध्वनिमुद्रक, पुणे