सायलीस, त्रिनिदादला निघण्याआधी

मालवण,
फेब्रुवारीतला दुसरा रविवार

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तिकिटं काढल्याचं काल फोनवर सांगितलंस आणि मला उशिरापर्यंत झोप लागली नाही. जिथे माझं जहाज अमोनिया भरायला चार वेळा लागलं, त्या बेटावर तू हौसेने फिरायला चालली आहेस! फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितो.

सगळ्यात आधी पिवळ्या तापाची लस. हे तू नंतर बघू म्हणून ठेवशील, म्हणून पहिलं लिहिलं. त्रिनिदाद पिवळ्या तापाच्या यादीत आहे. तिथून परतताना लस घेतल्याचा दाखला नसेल तर आपल्याच विमानतळावर अडवतात आणि सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. तुला हे कधी नीट सांगितलं नाही, पण तुझ्या दुसऱ्या वाढदिवसाला मी मुंबईतच होतो. त्रिनिदादच्या पॉइंट लिसास बंदरात साइन ऑफ केलं, म्हणजे काम संपवून जहाज सोडलं, तेव्हा लसीच्या दाखल्याची माझी पिवळी पुस्तिका कॅप्टनच्या कपाटात राहिली. मागून घ्यायची ती मी, आणि घाईत विसरलो. मुंबईत उतरलो, काउंटरवर हात पुढे आला आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. लस घेतलेली होती, पण कागदाशिवाय कोण मानणार? आईने फोनवर तुला माझ्याशी बोलायला लावलं. तू ‘बाबा, केक’ एवढंच म्हणालीस. तो आवाज अजून कानात आहे. त्या खोलीच्या खिडकीला हिरवी जाळी होती आणि जाळीपलीकडे दिसत होता तो रस्ता घराकडेच जाणारा.

तर लस निघायच्या किमान दहा दिवस आधी झाली पाहिजे, दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि तिथे नंबर लावावा लागतो. आमच्या वेळी दर दहा वर्षांनी टोचून घ्यावं लागायचं. 2016 पासून एकच डोस जन्मभर चालतो. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं असतं. तुला नाही, पण बरोबर येणाऱ्या मैत्रिणीला विचार.

दुसरं, मधल्या थांब्याचा व्हिसा. इथून तिकडे थेट विमान नाही. अमेरिकेतून जाणार असशील तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. लंडनमार्गे असेल तर ट्रान्झिटचे नियम तिकिटाच्या मार्गाप्रमाणे तपास. हीथ्रोला उतरून गॅटविकवरून पुढचं विमान असेल तर तो मामला आणखी वेगळा. माणसं त्रिनिदादचे नियम पाठ करतात आणि अडकतात मधल्या विमानतळावर.

सामानात तुझी ती ट्रेकची लष्करी ठिपक्यांची पँट अजिबात घेऊ नकोस. तिथे तसले कपडे घालणं गुन्हा आहे, लहान मुलांनासुद्धा, आणि कस्टमवाले काढून घेतात. वीज 115 व्होल्टची आणि पिना अमेरिकन चपट्या. मोबाइलचा चार्जर चालेल, आपल्याकडचा हेअर ड्रायर चालणार नाही. डासांचं मलम भरपूर घे, डेंग्यू तिथेही आहे. पैसे अमेरिकन डॉलरमध्ये ने आणि लागतील तसे थोडे थोडे बदल. स्थानिक डॉलर उरले तर ते परत बदलून मिळणं कठीण जातं.

फिरायला मॅक्सी टॅक्सी स्वस्त. या पांढऱ्या मिनीबस असतात आणि अंगावरच्या पट्ट्याच्या रंगावरून मार्ग कळतो. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनहून पूर्वेला अरीमाकडे लाल पट्टा, दक्षिणेला चग्वानास आणि सॅन फर्नांडोकडे हिरवा. छोटी टॅक्सी घेतलीस तर नंबर ‘एच’ने सुरू होतो का ते बघ. ‘पी’ म्हणजे खासगी गाडी, तिच्यात बसू नकोस, चालक कितीही सज्जन वाटला तरी. अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही, पोर्ट ऑफ स्पेनमधल्या सव्हाना या मोठ्या मैदानावरही नाही. 2024 च्या डिसेंबरअखेर तिथे गुन्हेगारीमुळे आणीबाणी लावावी लागली होती. घाबरवत नाही, पण रात्रीची गाडी आधीच ठरवून ठेव.

आणि मॅक्सीत चढताना, दुकानात शिरताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. सगळ्यांना उद्देशून, मोठ्याने. न बोलता थेट भाव विचारलास तर ते उद्धटपणाचं समजतात. संध्याकाळी भेटल्या भेटल्या ‘गुड नाइट’ म्हणतात. निरोपाचं नव्हे, नमस्काराचं. पहिल्यांदा मी गोंधळून परत निघालो होतो.

खाण्याची चिंता नको. सकाळी रस्त्याकडेला डबल्स खा. हळदीच्या पिवळ्या, मऊ, तळलेल्या दोन पुऱ्या (त्यांना तिथे ‘बारा’ म्हणतात), मध्ये छोल्यासारखा चना, वर चिंचेची चटणी आणि काकडी. कागदात गुंडाळून देताना विक्रेता मिरचीचं विचारतो, तेव्हा ‘स्लाइट’ म्हण. मालवणी तिखटाच्या भरवशावर राहू नकोस, मोरुगा स्कॉर्पियन ही मिरची त्याच मातीतली आहे. माराकासच्या किनाऱ्यावर तळलेल्या पावात शार्क घालून देतात. शार्क म्हणजे आपली मोरी मासळीच, तेव्हा तुला परकी वाटणार नाही. फक्त तिथला समुद्र ओढतो, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं.

एकदा कूवा गावातल्या एका रोटीच्या दुकानात बसलो होतो. मागून एका पोराने हाक मारली, ‘आजी!’ मी दचकून वळलो. काउंटरमागची म्हातारी पीठ लागलेले हात पुसत बाहेर आली. तिथे बापाच्या आईला आजीच म्हणतात, आणि आजोबांना आजा. भोजपुरीतून आलेले शब्द. 30 मे 1845 ला ‘फातेल रझाक’ जहाज पहिले मजूर घेऊन पोहोचलं. 1917 पर्यंत 1 लाख 40 हजारांहून अधिक लोक ऊस तोडायला गेले, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. मी त्या आजीला विचारलं, तुमचं गाव भारतात कुठे? ती म्हणाली, ‘माझं गाव हेच.’ रागाने नव्हे, पण मला समजलं. तू हा प्रश्न विचारू नकोस. त्या मातीत त्यांच्या पाच-सहा पिढ्या गेल्या आहेत.

तिथून जवळच वॉटरलूला समुद्रातलं देऊळ आहे, तेवढं चुकवू नकोस. शिवदास साधू नावाच्या मजुराने आधी किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची. देऊळ पाडलं आणि त्यांना चौदा दिवस तुरुंगात टाकलं. बाहेर आल्यावर ते सायकलवरून दगड नेऊन समुद्रातच भराव घालू लागले, पंचवीस वर्षं. समुद्र कुणाच्या मालकीचा नव्हता. आज दिसतं ते देऊळ 1995 साली नव्याने उभारलेलं आहे. ओहोटीला जा. चिखलात कालवं आणि बगळे, वाऱ्यावर फडफडणाऱ्या झेंड्या. मला तिथे आपल्या देवबागची आठवण आली होती.

करोनीच्या खारफुटीत संध्याकाळी चारच्या सुमाराची होडी घे. अंधार पडायच्या आधी तांबडे शराटी पक्षी थव्याने येऊन बेटावरच्या झाडांवर बसतात आणि हिरवं झाड बघता बघता लाल होतं. मार्चअखेरीस जाणार आहेस, तेव्हा ग्रांद रिव्हिएरला लेदरबॅक कासवंही अंडी घालायला आलेली असतील. त्या किनाऱ्यावर रात्री जायला परवाना आणि मार्गदर्शक लागतो, आणि पांढरी बॅटरी किंवा फ्लॅश बंद. तुझ्या आजोबांसाठी क्वीन्स पार्क ओव्हलचा एक फोटो काढ. 1971 ला गावस्कर पहिली कसोटी तिथेच खेळले. त्या मालिकेतल्या 774 धावांची कात्रणं आजोबांच्या ट्रंकेत अजून आहेत.

तिथली घड्याळं आपल्या साडेनऊ तास मागे असतात. तू सकाळी आठला फोन केलास तर इथे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. रोज त्या वेळी मी ओसरीवर बसेन.

लस घेतलीस की पुस्तिकेच्या पानाचा फोटो लगेच पाठव. त्यावरचा पासपोर्ट नंबर, नावाचं स्पेलिंग आणि शिक्का मी इथून तपासतो. आणि मूळ पुस्तिका मोठ्या बॅगेत नको, पासपोर्टबरोबर अंगावरच्या पाकिटात ठेव.

तुझा
बाबा